उत्तर लिस्टला की माणसाला?

मेलिंग लिस्टवर आलेल्या मेलला उत्तर देताना काय लिहावे, याचा विचार बहुतेक जण करतात. ते उत्तर कोणाकोणाच्या हाती पडणार आहे, याचा विचार मात्र बऱ्याचदा ‘सेंड’ दाबून झाल्यावर सुरू होतो. दोन माणसांमधल्या साध्या मेलमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही. लिस्टमध्ये एकाच पत्त्याआड कधी पंचवीस माणसे असतात, तर कधी पंचवीस हजार, आणि त्यांतल्या बहुतेकांशी आपली ओळख नसते. सॉफ्टवेअरच्या व्यवसायामुळे माझ्या दिवसाचा मोठा भाग अशा लिस्टांवरचा पत्रव्यवहार वाचण्यात जातो. उत्तराचा पत्ता ठरवणे हे उत्तर लिहिणाऱ्याचे काम आहे आणि ते लिस्टच्या सेटिंगवर किंवा मेल प्रोग्रामच्या बटणावर सोडून देता येत नाही, असे माझे मत त्यातून बनले आहे.

या विषयावरच्या जुन्या वादाचे मूळ ‘रिप्लाय-टू’ नावाच्या हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या माथ्यावर पत्ते, विषय वगैरे सांगणाऱ्या ओळींपैकी एका ओळीत, आहे. ‘फ्रॉम’मध्ये लिहिणाऱ्याचा पत्ता असतो, परंतु उत्तर तिथे न येता अन्यत्र यावे अशी लिहिणाऱ्याची इच्छा असेल, तर तो दुसरा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये घालतो, आणि समोरच्याने ‘रिप्लाय’ दाबले की त्याचा मेल प्रोग्राम तोच पत्ता उचलतो. लिस्ट चालवणारे सॉफ्टवेअर प्रत्येक मेल सभासदांना वाटण्यापूर्वी या जागी लिस्टचाच पत्ता घालू शकते. तसे केले की साधे ‘रिप्लाय’ दाबणाऱ्याचे उत्तरही सगळ्या लिस्टला जाते. असे करावे की करू नये, यावर लिस्टा चालवणारी मंडळी वर्षानुवर्षे हिरिरीने भांडत आली आहेत; एवढ्याशा सेटिंगने इतके वैर क्वचितच पोसले असेल.

गंमत म्हणजे दोन्ही पक्षांना इंटरनेटच्या मानकांत, म्हणजे ‘आरएफसी’ नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांत, आधार सापडतो. ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ८२२ मध्ये ‘रिप्लाय-टू’चे जे उपयोग सांगितले आहेत, त्यांत मेलद्वारे सामूहिक चर्चा करणाऱ्या गटांचाही उल्लेख आहे: गटाच्या वाटप-सेवेचा पत्ता या हेडरमध्ये ठेवावा, म्हणजे उत्तरे अचूक सर्वांपर्यंत पोहोचतील, असे तिथे सुचवलेले आहे. पुढे एप्रिल २००१ मध्ये आरएफसी २८२२ आले आणि त्यात या हेडरची व्याख्या नेमकी झाली. उत्तरे कुठे पाठवावीत याबद्दल संदेशाच्या लेखकाने केलेली ही सूचना आहे, असे त्याने म्हटले, आणि ऑक्टोबर २००८ च्या आरएफसी ५३२२ ने तीच भूमिका कायम ठेवली. लेखकाची सूचना म्हटल्यावर मधल्या सॉफ्टवेअरने ती पुसून स्वतःची लिहिणे हा आगाऊपणा ठरतो. बरेच दिवस लिस्टांचे प्रमुख सॉफ्टवेअर राहिलेल्या मेलमनमध्ये यासाठी तीन पर्याय आहेत, म्हणजे उत्तर लेखकाकडे, लिस्टकडे, किंवा तिसऱ्याच एखाद्या ठरावीक पत्त्याकडे. आणि बहुतेक लिस्टांसाठी पहिलाच पर्याय निवडावा, अशी ठाम शिफारस त्या सेटिंगच्या शेजारीच छापलेली असते.

माझा कल त्या शिफारशीकडे आहे, आणि त्याचे कारण मानकांपेक्षा व्यवहारात अधिक आहे. या बाबतीत चुका दोन प्रकारच्या होतात. सर्वांसाठी असलेले उत्तर एकट्या लेखकाकडे गेले, तर नुकसान फारसे होत नाही. लेखक कळवतो की हे लिस्टवरही पाठवा, आणि पाच मिनिटांत ते काम होते. एकट्या माणसासाठी लिहिलेले उत्तर सर्वांकडे गेले, तर मात्र ते परत घेण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. ‘तुमच्या कंपनीत जागा असेल तर सांगा, इथे आता राम राहिलेला नाही’ हे वाक्य स्वतःच्या साहेबासकट सर्व सभासदांच्या इनबॉक्समध्ये पोहोचते, आणि लिस्टचे संग्रह सार्वजनिक असतील तर शोधयंत्रांतही जाऊन बसते. पहिली चूक किरकोळ आणि दुसरी कायमची असेल, तर सोय कोणत्या बाजूला झुकवावी हे ठरवणे अवघड नाही.

दुसऱ्या बाजूचेही ऐकून घेतले पाहिजे. सोसायटीची कार्यकारिणी, दिवाळी अंकाचे संपादक मंडळ, एखाद्या प्रकल्पावर काम करणारी सात-आठ माणसे, अशा छोट्या लिस्टेत जवळजवळ प्रत्येक उत्तर सर्वांसाठीच असते. तिथे उत्तर लेखकाकडे जाऊ दिले, तर अर्धी चर्चा दोघांत होते, अर्धी सर्वांसमोर, आणि बैठकीच्या दिवशी एकाला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याच्या कानावरही आलेली नसते. अशा ठिकाणी ‘रिप्लाय-टू’मध्ये लिस्टचा पत्ता घालण्यास माझी हरकत नाही, मात्र ‘या लिस्टवर रिप्लाय केल्यास उत्तर सर्वांना जाते’ ही ओळ प्रत्येक मेलच्या तळाशी असावी. गूगल ग्रुप्समध्येही उत्तरे कोणाकडे जावीत हे ग्रुपचा मालक ठरवू शकतो, आणि ते त्याने ठरवले आहे हे सभासदांच्या गावीही नसते. अडचण नेमकी इथे येते. एकच माणूस दहा लिस्टांवर असतो, त्यांतल्या चारांवर एक नियम, सहांवर दुसरा, आणि बटण मात्र सगळीकडे तेच.

एकेका लिस्टचा नियम तिच्या सभासदांच्या स्वरूपातून येतो, हे पाहायचे असेल तर लिनक्स कर्नल (लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा) आणि डेबियन (लिनक्सवर आधारलेली, स्वयंसेवकांनी घडवलेली कार्यप्रणाली) यांच्या लिस्टा शेजारी ठेवाव्यात. कर्नलच्या लिस्टांवर उत्तर नेहमी सर्वांना द्यायचे असते. मुख्य लिस्टवर दिवसाला शेकडो मेल येतात, त्यामुळे ज्यांच्याविषयी चर्चा चालली आहे त्यांतले बरेच जण तिचे सभासदच नसतात, आणि जे असतात तेही प्रत्येक मेल वाचत नाहीत. ‘सीसी’मध्ये आपले नाव दिसले की मगच ते लक्ष घालतात. सभासद नसलेल्यालाही तिथे मेल पाठवता येतो. पॅच, म्हणजे प्रोग्राममध्ये सुचवलेला बदल, पाठवणाऱ्याने आधी कर्नलसोबतच येणारी ‘गेट मेंटेनर’ नावाची स्क्रिप्ट चालवायची. त्या भागाची जबाबदारी कोणाकडे आहे आणि त्याची चर्चा कोणत्या लिस्टवर होते, याची यादी ती छापून देते, आणि ते पत्ते ‘सीसी’मध्ये घालायचे. तेव्हापासून ‘सीसी’मधली ती ओळ चर्चेबरोबर चालत राहते. तिथे कोणी नुसते ‘रिप्लाय’ दाबले, तर ज्या देखभालकर्त्याने पॅच स्वीकारायचा त्यालाच उत्तर दिसत नाही, आणि ‘हे लिस्टवर पुन्हा पाठवा’ असा एक ओळीचा मेल येतो. त्यात राग नसतो, पण नव्या माणसाला तो लागतो. पुण्या-बंगळुरूच्या ऑफिसांतून पहिला पॅच पाठवणाऱ्या मुलामुलींना मी हे आधीच सांगून ठेवतो.

कर्नलच्या सार्वजनिक संग्रहात प्रत्येक मेलच्या पानाखाली उत्तर देण्याची तयार रीतच दिलेली असते, हे मला फार आवडते. प्रोग्रामच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिट या साधनाच्या ‘सेंड-ईमेल’ आज्ञेत कोणता पत्ता ‘टू’मध्ये आणि कोणते ‘सीसी’मध्ये घालायचे ते सगळे भरून ठेवलेले असते, आणि मूळ मेलचा मेसेज-आयडी, म्हणजे त्याची ओळखखूणही, ‘इन-रिप्लाय-टू’मध्ये (उत्तर कोणत्या मेलला आहे ते सांगणाऱ्या हेडरमध्ये) जोडलेली असते. लिस्टचा सभासद नसलेला, मूळ मेल स्वतःच्या इनबॉक्समध्ये कधीच न आलेला माणूससुद्धा त्यामुळे बरोबर जागी, बरोबर माणसांना उत्तर देऊ शकतो. शिष्टाचाराचे धडे देण्यापेक्षा योग्य गोष्ट करणे सोपे करून ठेवावे, याचा इतका नेमका नमुना मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

डेबियनचा रिवाज याच्या उलट आहे. तिथल्या लिस्टांच्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिले आहे की लिस्टवरच्या मेलला उत्तर देताना मूळ लेखकाने तशी विनंती केलेली नसेल, तर त्याला वेगळी प्रत पाठवू नये. जो लिस्टवर लिहितो तो ती वाचतो, असे तिथे गृहीत आहे. जो सभासद नाही त्याने ‘मी सभासद नाही, कृपया मला सीसी ठेवा’ असे स्वतःच लिहायचे. त्यामुळे कर्नलमध्ये जे सौजन्य समजले जाते, ते डेबियनमध्ये आगंतुकपणाचे ठरते. दोन्ही समुदायांत ये-जा करणारे लोक कमी नाहीत, आणि त्यांच्यातल्या अनुभवी माणसांचीही कधी कधी गफलत होते.

एक जादा प्रत आली तर बिघडले काय, असे अनेकांना वाटते. बिघडते ते असे. लिस्टवरून येणाऱ्या मेलवर ‘लिस्ट-आयडी’ नावाचे हेडर असते, आणि नीट काम करणारे लोक त्याच्या आधाराने फिल्टर लावून प्रत्येक लिस्टचे मेल वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतात. थेट पाठवलेल्या प्रतीवर ते हेडर नसते, म्हणून ती इनबॉक्समध्ये येते. मेलमनमध्ये दुहेरी प्रती टाळण्याची सोय आहे, पण ती लिस्टकडची प्रत अडवते आणि थेट प्रत राहू देते. परिणामी चर्चेतले काही मेल लिस्टच्या फोल्डरमध्ये, काही इनबॉक्समध्ये, आणि थ्रेडचे, म्हणजे एका चर्चेच्या मेलमालिकेचे, तुकडे दोन्हीकडे विखुरलेले, अशी अवस्था होते. शिवाय इनबॉक्समधली थेट प्रत पाहून एखाद्याला वाटते की आपल्याशी खाजगीत बोलले गेले आहे. तो खाजगीतच उत्तर देतो, आणि चर्चा लिस्टवरून अलगद नाहीशी होते.

यावर तांत्रिक उपाय शोधले गेले नाहीत असे नाही. जुलै १९९८ च्या आरएफसी २३६९ ने ‘लिस्ट-पोस्ट’ हे हेडर दिले. लिस्टवर लिहायचे असेल तर कोणत्या पत्त्यावर लिहावे हे त्यात असते, त्यामुळे ‘रिप्लाय-टू’ला हात लावण्याची गरज उरत नाही. मट या मेल प्रोग्राममध्ये साधे उत्तर, सर्वांना उत्तर आणि लिस्टला उत्तर यांसाठी तीन वेगळ्या कळा आहेत. थंडरबर्डमध्येही लिस्टला उत्तर देण्याचे स्वतंत्र बटण आहे. माझ्या मते सगळ्या वादाचे खरे उत्तर हेच तिसरे बटण होते. दुर्दैवाने जीमेलच्या पानावर ते आलेच नाही, आणि आपल्याकडे जीमेलशिवाय दुसरा मेल प्रोग्राम उघडून पाहिलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ‘मेल-फॉलोअप-टू’ नावाचे आणखी एक हेडर निघाले, ज्यात पुढच्या चर्चेची उत्तरे कुठे यावीत आणि मला वेगळी प्रत हवी की नको, हे लेखकाला सांगता येते. मटला ते कळते. पण ते मानक कधीच झाले नाही, आणि बहुतेक मेल प्रोग्रामांना त्याचा पत्ताच नाही.

एप्रिल २०१४ पासून या गुंत्यात नवी भर पडली. याहूने, आणि पाठोपाठ एओएलने, आपल्या पत्त्यांसाठी, मेल खरोखर त्याच्यावर लिहिलेल्या ठिकाणाहून आला आहे का हे पाहणाऱ्या डीमार्क नावाच्या तपासणीचे कडक धोरण जाहीर केले: आमच्या नावाचा मेल तपासणीत उतरला नाही तर तो नाकारा, असे त्यांनी जगभरच्या सर्व्हरना सांगितले. बनावट मेल रोखण्यासाठी हे योग्यच होते. पण लिस्टचे सॉफ्टवेअर मेल स्वतःच्या सर्व्हरवरून पुढे पाठवते, विषयाच्या आधी लिस्टचे नाव चिकटवते, तळाशी मजकूर जोडते, आणि त्यामुळे ही तपासणी जिच्यावर विसंबते ती मूळ डिजिटल सही मोडते. याहूवरून एखाद्याने लिस्टवर लिहिले की इतर सभासदांचे सर्व्हर तो मेल परत धाडत. लिस्टच्या सॉफ्टवेअरला वाटे की या सभासदांचे पत्तेच बंद पडले आहेत. आणि ते त्या बिचाऱ्यांना लिस्टवरून काढून टाकी. तोड म्हणून लिस्टांनी ‘फ्रॉम’च बदलायला सुरुवात केली. आता लेखकाच्या नावापुढे लिस्टचा पत्ता येतो आणि लेखकाचा खरा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये किंवा ‘सीसी’मध्ये सरकवला जातो. म्हणजे ‘फ्रॉम’ पाहून माणूस आणि ‘टू’ पाहून लिस्ट ओळखण्याची सवय आता कामाची राहिलेली नाही. उत्तराच्या खिडकीत जे पत्ते प्रत्यक्ष उमटले आहेत ते वाचणे, एवढाच भरवशाचा उपाय आहे. आणि मोबाइलवर नेमकी तीच ओळ दुमडलेली असते, ती उघडावी लागते.

सर्वांना उत्तर देण्याच्या मोठ्या अनर्थांबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण त्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या गेल्या आहेत. ऑक्टोबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये ‘बेडलम डीएल३’ नावाची सुमारे १३,००० नावांची अंतर्गत लिस्ट उघडकीस आली. कोणी लिहिले, मला यातून काढा. इतरांनी सर्वांना उत्तर देऊन लिहिले, मलाही. काहींनी सर्वांनाच लिहिले, सर्वांना उत्तर देणे थांबवा. नोव्हेंबर २०१६ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत चाचणीचा एक मेल सुमारे ८,४०,००० खात्यांना गेला आणि तिथेही तेच घडले. दोन्हीकडे पहिल्या मेलने फारसे बिघडवले नव्हते, बिघडवले ते उत्तरांनी. आणि त्यांतला प्रत्येक जण आपले उत्तर रास्तच आहे असे समजत होता. लिस्टवरून नाव काढायचे असेल तर ते लिस्टला सांगायचे नसते. त्यासाठी मेलमध्येच वेगळा दुवा किंवा पत्ता असतो. सुट्टीवर असल्याचे आपोआप जाणारे उत्तरही लिस्टला जाऊ नये, हे ऑगस्ट २००४ च्या आरएफसी ३८३४ मध्ये तपशिलाने सांगितले आहे. ‘रिप्लाय-टू’ लिस्टकडे वळवलेली असेल आणि कोणाचे ऑटो-रिप्लाय असे अडाणी असेल, तर ‘मी सोमवारपर्यंत रजेवर आहे’ हे वाक्य लिस्टभर घुमत राहते.

आपल्या मराठी लिस्टांचा स्वभाव थोडा वेगळा आहे. माजी विद्यार्थ्यांच्या किंवा परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या ग्रुपवर कोणी मुलीच्या यशाची बातमी कळवली, की ‘अभिनंदन!’, ‘मनःपूर्वक अभिनंदन काका!’, ‘अभिमान वाटतो’ अशी रांग लागते, आणि प्रत्येक मेल प्रत्येकाला जातो. चारचौघांत कौतुक होणे हा त्या कौतुकाचाच भाग आहे, या म्हणण्यात तथ्य आहे, आणि पहिल्या दोन-तीन मेलांपर्यंत मलाही ते मान्य आहे. त्यानंतरची अभिनंदने थेट त्या माणसाकडे गेलेली बरी; सर्वांच्या रांगेत तिसाव्या क्रमांकावर आलेल्या एका शब्दापेक्षा त्याच्या एकट्याच्या नावे आलेल्या दोन ओळी त्याला अधिक सुखावतात. शोकाच्या बातमीत तर अधिक काळजी हवी. बातमी कळवणारा पुष्कळदा आप्त नसतो, केवळ निरोप्या असतो. ‘रिप्लाय’ दाबून लिहिलेले ‘तुमच्या दुःखात सहभागी आहोत’ हे त्याला किंवा लिस्टला पोहोचते आणि ज्यांच्या घरी दुःख आहे त्यांना ते कधी दिसतही नाही. अशा वेळी ज्येष्ठ सभासदाने ‘पत्रे अमुक यांच्या मुलाच्या पत्त्यावर पाठवावीत’ असे एकदा लिस्टवर लिहावे आणि बाकीच्यांनी तिथे लिहावे, हीच रीत मला योग्य वाटते.

चर्चा मध्येच वळवावी लागते तेव्हाही काही संकेत उपयोगी पडतात. विषय बदलला असेल तर विषयाची ओळ बदलावी आणि कंसात जुना विषय ठेवावा, म्हणजे वाचणाऱ्याला दुवा कळतो. मात्र अगदी नवा विषय काढायचा असेल, तर जुन्याच मेलवर ‘रिप्लाय’ दाबून मजकूर पुसू नये. विषयाची ओळ बदलली तरी ‘इन-रिप्लाय-टू’ आणि ‘रेफरन्सेस’ ही हेडरे तशीच राहतात, आणि थ्रेडप्रमाणे मेल लावणाऱ्याला तुमचा नवा प्रश्न कोणत्या तरी जुन्या भांडणाच्या पोटात सापडतो, किंवा सापडतच नाही. दोघांची ओळख करून देणाऱ्या तिसऱ्याला पुढच्या पत्रव्यवहारातून मोकळे करायचे असेल, तर त्याचे आभार मानून त्याला ‘बीसीसी’त टाकावे आणि तसे पहिल्याच ओळीत लिहावे, त्याला शेवटचा मेल मिळतो, पुढची उत्तरे जात नाहीत. वाद तापला असेल तर एका सभासदाशी खाजगीत बोलणे केव्हाही चांगले, पण तेही ‘हे फक्त तुम्हाला लिहीत आहे’ अशा ओळीने सुरू करावे, नाहीतर समोरचा सवयीने लिस्टचा पत्ता परत जोडतो.

उलट दिशेने जाताना, म्हणजे खाजगीत आलेले उत्तर लिस्टवर नेताना, परवानगी घ्यावीच लागते. लिहिणाऱ्याने ‘रिप्लाय’ मुद्दाम दाबले की चुकून, हे आपल्याला बाहेरून कळत नाही. उत्तर उपयोगी असेल तर ‘आपले हे उत्तर लिस्टवर टाकले तर चालेल का, की आपणच पाठवता?’ एवढे विचारावे. बहुतेक जण स्वतःच पाठवतात, आणि पाठवताना एखादे वाक्य गाळतातही. ते गाळलेले वाक्य फक्त आपल्यासाठी होते, हे तेव्हा कळते. होकार येईपर्यंत लिस्टवर फार तर ‘मला खाजगीत उत्तर मिळाले असून प्रश्न सुटला आहे’ असे लिहावे, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात त्या क्षणी आणखी कोणी तरी वेळ घालवत असते.